दोन रेघांचा रस्ता

“ही रेघ कुणी वाकवली?” डुबल आप्पांनी नकाशावर बोट आपटलं.

“वाकवली नाही आप्पा, वळली,” माळगे वकील म्हणाले. “मध्ये पिंपळ आहे. पिंपळाला वळसा घातला.”

“पिंपळाला घातला का माझ्या मेव्हण्याच्या घराला?”

“तुमचे मेव्हणे पिंपळाला चिकटून राहतात, त्याला मी काय करू?”

“मग पिंपळ तुमच्याकडं घ्या, मेव्हणा आमच्याकडं द्या.”

मी खोडरबर हातात घेऊन उभी होते. तो कोपरा मी सकाळपासून पाच वेळा खोडला होता. कागदाला तिथे लव आली होती.

जागा: पानसळ नगर परिषदेचं वाचनालय. वर्तमानपत्रांची स्टँडं भिंतीला सरकवून मधोमध तीन टेबलं जोडलेली, आणि त्यांवर चार ताव चिकटवून केलेला गावाचा नकाशा. टेबलाच्या एका अंगाला उत्तमराव डुबल आणि त्यांचे दोघे. दुसऱ्या अंगाला ॲडव्होकेट शिवलिंग माळगे आणि त्यांचे दोघे. टेबलाच्या डोक्याशी अध्यक्ष बेलसरे सर. आणि मी, हेमलता ताटे, आरेखक, अकरा महिन्यांच्या करारावर.

आमच्या गावात दोन गट होते. डुबल गट आणि माळगे गट. निवडणुकीआधी वॉर्डांच्या सीमा नव्यानं आखायची वेळ आली की ज्याची सत्ता तो आखायचा आणि दुसरा कोर्टात जायचा. मागच्या खेपेला सीमा अशा आखल्या होत्या की देवांग गल्लीतल्या एका घराचं स्वयंपाकघर एका वॉर्डात होतं आणि ओसरी दुसऱ्यात. सासू-सुनेनं दोन उमेदवारांना मतं दिली आणि ते गावाला आजपर्यंत पुरलं.

त्या वर्षी मुख्याधिकारी नवे आले होते. तरुण होते, स्वच्छ शर्ट घालायचे. त्यांनी दोन्ही गटांपुढे एक प्रस्ताव ठेवला. दोन्हीकडचे तीन-तीन जण आणि मधे एक तटस्थ अध्यक्ष. सतरा वॉर्ड, सात सह्या. एक जरी सही कमी पडली तरी ती रेघ रद्द. कायद्यात अशी समिती कुठे नव्हती. आराखडा करायचा तो मुख्याधिकाऱ्यांनीच. पण साहेब म्हणाले, “सात सह्यांचा आराखडा आला तर मी एक टिंबसुद्धा न बदलता वर पाठवीन.” जिल्ह्याच्या दोन वर्तमानपत्रांत फोटो आले. त्यात नकाशाचा एक कोपरा धरलेला हात माझा आहे.

अध्यक्ष म्हणून बेलसरे सरांच्या नावाला कुणीच नाही म्हणालं नाही. गावच्या हायस्कुलात एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. डुबल आप्पांना त्यांनी बाकावर उभं केलं होतं, माळगे वकिलांना वर्गाबाहेर. निवडणुकीच्या दिवसांत ते कुणाच्या घरचा चहा घेत नसत. मलाही आठवीत तेच होते.

काम असं चालायचं. डुबलांची पेन्सिल लाल, माळग्यांची निळी. दोघांचं जुळलं की सर वहीत सात सह्या घ्यायचे आणि मग मी तेवढी रेघ काळ्या शाईनं पक्की करायची. पहिल्या दिवशी एकही रेघ पक्की झाली नाही. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी डुबलांचा एक माणूस उठून गेला, कारण माळग्यांच्या माणसानं त्याच्या गल्लीला बोळ म्हटलं.

हरकत १.
हरकतदार: मीच.
हरकत: वर मी समितीला हसले आहे. त्या वेळी मी हसत नव्हते. त्या वेळी मला वाटत होतं की गावात काहीतरी चांगलं घडतंय, आणि ते माझ्या हातून कागदावर उतरतंय.
निर्णय: मान्य. वरचा मजकूर तसाच ठेवून हे खाली जोडावं.

पाचव्या दिवशी साहेबांनी मला ओढ्यापलीकडे पाठवलं. जुन्या नकाशात तिथे मोकळी जागा सोडून नुसतं ‘खाण’ असं लिहिलेलं होतं. खाणीला लागून वडार वस्ती होती, घरं होती, पण ती नकाशात नव्हती. टेप धरायला एक शिपाई दिला होता. तो ओढ्याच्या अलीकडे बाभळीखाली बसला आणि म्हणाला, “तुम्ही व्हा पुढं मॅडम, मी हितं सायकल बघतो.” सायकल माझीच होती, कुलूप लावलेली.

पलीकडे एक बाई दगडाला टाकी लावत बसली होती. पाटा होत होता. वर न बघताच तिनं विचारलं, “कोन पायजे?”

“नगर परिषदेतून आलेय. मोजायला.”

“मोजायला का पाडायला?”

“मोजायलाच.”

“आदी मोजत्यात, मागनं पाडत्यात.” तिनं हातोडी खाली ठेवली. “या. पानी पिनार का? न्हाई म्हना म्हनत न्हाई, पर आदी इचारते. घागर टँकरची हाय.”

ती दुर्गव्वा बंदपट्टे. पन्नाशीची असेल. मी पाणी नको म्हणाले. मग तिनंच टेपचं दुसरं टोक धरलं आणि दुपारपर्यंत माझ्याबरोबर घरोघर फिरली.

वस्तीतून एक वाट खाणीकडे जात होती. दोन्ही बाजूंना घरं, आणि मधली वाट म्हणजे सगळ्यांचं अंगण. चुली बाहेर. बाजा बाहेर. अर्धे झालेले पाटे, वरवंटे, उखळं बाहेर. एका ठिकाणी एक म्हातारा वाटेत आडवा झोपला होता. आम्ही टेप त्याच्यावरून नेला. अगदी अरुंद जागी दुर्गव्वानं आपलं टोक भिंतीला दाबून धरलं.

“किती?”

“एक मीटर दहा.”

“फुटात सांगा की.”

“साडेतीन फुटाला किंचित जास्त.”

“तेवढंच. मयत न्यायचं झालं तर तिरडी तिरपी करून न्यावी लागतीय.”

मी वहीत लिहिलं: पायवाट, १.१० मी.

परत येताना तिनं विचारलं, “एका वॉर्डात मानसं किती घालनार?”

“सरासरी सतराशे. थोडं इकडं-तिकडं चालतं.”

“आमी सतराशे बारा हाय.”

“कुणी मोजलं?”

“म्या. परवा विटकराच्या सुनंला पोरगी झाली, ती धरून.” ती थांबली. “आत्ता आमचं तीन तुकडं हाईत. तीन वॉर्डात. पान्याचं इचारलं की ह्यो म्हनतो त्याला इचार, त्यो म्हनतो त्या तिसऱ्याला. नळ ओढ्यापतूर आलाय. सात वर्सं झाली, नळाला काय ओढा वलांडता येईना.”

“एक वॉर्ड झाला तर?”

“मी उबी ऱ्हाते.”

“आणि पडलात तर?”

“आमच्याच मानसांनी पाडल्यालं बरं की. कोन पडलं, कोन आलं, त्यो ऱ्हानार तर वस्तीतच. सकाळी दारात जाऊन शिव्या तरी देता येतील.”

मी तिला म्हणाले, “मावशी, मी फक्त रेघा काढते. ठरवणारे वेगळे.”

“ठरवनारे आमाला भेटत न्हाईत. तुमी भेटलासा,” ती म्हणाली आणि टेप गुंडाळून माझ्या हातात दिला. गुंडाळी माझ्यापेक्षा नीट होती.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात बसून वॉर्ड नऊ पेन्सिलीनं काढला. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला खाण, मधे अख्खी वस्ती. सतरा वॉर्डांत एवढा सोपा वॉर्ड दुसरा नव्हता. कुठे वाकवावं लागलं नाही.

सातवा दिवस. मी नऊ नंबरचा कागद टेबलावर ठेवला. सर चष्मा पुसत म्हणाले, “वा. सुबक आहे.”

सात दिवसांत पहिल्यांदा त्या खोलीत पंख्याचा आवाज ऐकू आला.

डुबल आप्पा कागदाकडे बघत होते. माळगे वकील डुबल आप्पांकडे बघत होते.

“आप्पा,” वकील म्हणाले, “तुमचे किती?”

“आठ धरून चाला.”

“आमचे पण आठच.”

“म्हंजे सतरावा…”

“सतरावा हा.” वकिलांनी कागदावर पेन्सिल ठेवली. निळं टोक वर होतं, खाली लाकूड. “पाच वर्षं यांच्या दारात उभं राहायचं. तुम्हीही आणि आम्हीही.”

“चा घिऊ या,” आप्पा म्हणाले.

चहा रोज आत यायचा. त्या दिवशी सहाही जण उठून व्हरांड्यात गेले. एकत्र. मी आणि सर आत राहिलो. सरांनी माझ्याकडे बघून हात चोळले. “बघितलंस हेमा? सात दिवसांपूर्वी ही माणसं एका जिन्यानं वर येत नव्हती.”

दहा मिनिटांनी ते परत आले. वकिलांनी माझ्याकडे काळी पेन्सिल मागितली. लाल नको, निळी नको.

“ही वाट कुठली?”

“खाणीकडे जाते,” मी म्हणाले.

“आप्पा, बैलगाडी जाते का हो इथून?”

“जाते की,” आप्पा म्हणाले. “ट्रक बी गेला आसंल.”

“मग हीच सीमा. वाटेच्या अलीकडची घरं आठ नंबरला, पलीकडची दहाला. नऊ नंबर आपण बाजारपेठेत घेऊ. तिथं तुम्ही आणि आम्ही लढू काय ते, मर्दासारखं.”

आठ नंबर डुबलांचा होता. दहा माळग्यांचा.

“कुणाची हरकत?” सरांनी विचारलं. ते दर वेळी विचारायचे आणि दर वेळी टेबलाच्या दोन्ही अंगांनी हात वर यायचे. या वेळी एकही आला नाही. सरांनी पुन्हा विचारलं. मग वही उघडली. “एकमतानं,” ते लिहिताना मोठ्यानं म्हणाले.

मी म्हणाले, “सर, ती पायवाट आहे.”

“म्हणजे?”

“तुटक रेघ आहे. सीमा रस्त्यानं न्यायची, नाल्यानं न्यायची, असं परिपत्रकात आहे. पायवाट चालणार नाही.”

“तुटक कुणी ठेवली?” वकिलांनी विचारलं.

“मी. मोजून आलेय.”

“मग जोडा की. दोन रेघा काढा, झाला रस्ता.”

“पण तिथं…”

“शाई संपली काय गं पोरी?” डुबल आप्पा म्हणाले.

सहाही जण हसले. दोन्ही बाजूंना एकाच विनोदावर हसताना मी त्यांना तेव्हाच बघितलं.

मी सरांकडे बघितलं. आठवीत त्यांनी फळ्यावर खुणा काढून दाखवल्या होत्या. तुटक रेघ, पायवाट. दोन रेघा, रस्ता. मी ती परीक्षा दिली होती आणि पेपर त्यांनीच तपासला होता. ते नकाशावर वाकले. मग सरळ झाले.

“सात दिवसांत पहिल्यांदा एक रेघ हरकतीविना, एकमतानं आली आहे हेमा,” ते म्हणाले. “काढ.”

मी पेन उचललं. पट्टी लावली. पहिली रेघ काढली, पट्टी सरकवली, दुसरी काढली. मधे तीन मिलिमीटर अंतर ठेवलं. त्याहून कमी ठेवलं की प्रिंट काढताना दोन रेघा एकमेकींत मिसळतात. एवढाच विचार होता. दोन रेघा काढायला मिनिटसुद्धा लागलं नाही. उरलेले वॉर्ड दोन दिवसांत उरकले. त्या रेघेनंतर ते फारसे भांडलेच नाहीत.

हरकत २.
हरकतदार: मीच.
हरकत: माझा करार संपायला पाच आठवडे राहिले होते, हे लिहिलेलं नाही. सरांनी ‘काढ’ म्हटलं म्हणून काढली, असं वाचणाऱ्याला वाटेल.
निर्णय: मान्य. पाच आठवडे राहिले होते.

आराखडा जाहीर झाला. हरकतींसाठी मुदत दिली. मागच्या खेपेला एकशे चाळीस हरकती आल्या होत्या आणि त्या बघायला वेगळा कारकून बसवावा लागला होता. या वेळी दोन्ही गटांनी एकही टाकली नाही. मुख्याधिकारी रोज संध्याकाळी आवक नोंदवही उघडून बघायचे आणि खूश होऊन घरी जायचे.

शेवटच्या दिवशी एक आली. वॉर्ड आठ आणि दहा. बसस्थानकासमोरच्या टायपिंगवाल्याकडून टाईप करून आणलेली, अर्धं पान. मागे नऊ कागद अंगठ्यांचे.

सुनावणीला जिल्ह्याच्या ठिकाणाहून अधिकारी आले. वाचनालयातच बसले. त्यांच्या शेजारी मुख्याधिकारी, आणि ज्यांनी आराखडा केला ते समितीचे सातही जण मागच्या खुर्च्यांवर ओळीनं. सत्कारासाठी मागवलेला हार टेबलाखाली पिशवीत होता. अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी दुर्गव्वाला आधी खुर्ची दिली.

“बोला बाई.”

“मला काय बोलायचं न्हाई. आमच्यातनं रस्ता दावलाय. तितं रस्ता न्हाई.”

“नकाशात तर स्पष्ट आहे.”

“म्हनून तर आले. मला कुनीतरी कागद वाचून दावला. म्हनलं, रस्ता झाला आन् मला कळलं न्हाई? सकाळी उठून बगितलं. चुली हुत्या तितंच हाईत.”

मागच्या ओळीत कुणीतरी खाकरलं. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “तुमचं म्हणणं काय आहे?”

“आमाला चिरू नका. सगळी वस्ती एका वॉर्डात घाला. आमी सतराशे…” तिनं बोटं मोजली. “सतराशे चौदा हाय. पान्यासाठी जायला आमचा एक मानूस पायजे.”

अधिकारी मुख्याधिकाऱ्यांकडे वळले. मुख्याधिकारी म्हणाले, “सर, सर्वपक्षीय समितीनं एकमतानं आखलेली सीमा आहे. या आराखड्यावर एवढी एकच हरकत आहे.”

“जागा बघून यावं का?”

“अहवाल उद्या अकरापर्यंत पोचवायचा आहे सर. तुम्हाला इथून अजून दोन नगर परिषदा…”

अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. मग विचारलं, “नकाशा कुणी केला?”

मी दाराशी उभी होते. पुढे गेले.

“तुम्ही?”

“हो सर.”

“रस्ता आहे?”

मी म्हणाले, “नकाशात दाखवल्याप्रमाणे आहे, सर.”

दुर्गव्वानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. समोरच्या दगडाला कुठे टाकी लावायची ते बघतात, तसं.

“बाई,” ती म्हणाली, “टेप म्या धरला हुता की.”

अधिकाऱ्यांनी विचारलं, “मोजणीची वही आहे का?”

“वही कच्ची असते सर,” मी म्हणाले. “पक्का नकाशाच धरतात.”

हे खरं आहे. धरतात.

त्यांनी लिहिलं: प्रभाग क्र. ८ व १० मधील सीमा अस्तित्वातील रस्त्याने नेली असल्याने हरकत अमान्य. मग टेबलाखालून पिशवी निघाली आणि बेलसरे सरांच्या गळ्यात हार पडला. मी टाळ्या वाजवल्या. दुर्गव्वा तोवर जिना उतरायला लागली होती.

निवडणूक झाली. एकीकडे नऊ, दुसरीकडे आठ. दुर्गव्वा आठ नंबरमधून उभी राहिली. तिला तिच्या बाजूच्या घरांची जवळजवळ सगळी मतं पडली आणि ती पडली. पलीकडच्या घरांना तिला मत देताच आलं नाही. माझ्या कराराला मुदतवाढ मिळाली. मुख्याधिकारी मोठ्या गावाला बदलून गेले आणि जाताना आराखड्याची एक प्रत फ्रेम करून घेऊन गेले.

दोन वर्षांनी अंतर्गत रस्त्यांची योजना आली. ज्या कंपनीकडे काम होतं तिनं नवी मोजणी केली नाही. पक्का, मंजूर, सात सह्यांचा नकाशा ऑफिसात होताच. तो घेतला. नकाशाचं प्रमाण एकास दोन हजार. दोन रेघांमधलं अंतर पट्टीनं मोजलं. तीन मिलिमीटर. तीन गुणिले दोन हजार, म्हणजे सहा मीटर.

यादीत नोंद आली: वडार वस्ती ते खाण, अस्तित्वातील रस्ता, रुंदी ६.०० मी., काँक्रीटीकरण. रस्त्यात आलेली बावीस घरं: अतिक्रमण. ठरावाचे सूचक आठ नंबरचे नगरसेवक, अनुमोदक दहा नंबरचे. एक डुबल गटाचे, एक माळगे गटाचे. ठराव एकमतानं मंजूर.

मला खुणा दाखवायला पाठवलं.

हरकत ३.
हरकतदार: मीच.
हरकत: पुढचं वाचून वाटेल की मी कबुली द्यायला गेले होते.
निर्णय: मान्य. मला ऑफिसनं पाठवलं होतं, म्हणून गेले. मला सुट्टी मागता आली असती. तसा अर्ज लिहिलाही होता, दिला नाही.

पुढचं आधी सांगते, म्हणजे कुणाला उत्सुकता राहणार नाही. तो रस्ता झाला नाही. चौकशी झाली, काम थांबलं आणि निधी दुसऱ्या गल्लीला गेला. घरं राहिली. वॉर्ड मात्र तसेच राहिले, पुढच्या आखणीपर्यंत. माझा करार पुन्हा झाला नाही. आता मी तालुक्याच्या गावी एका आर्किटेक्टकडे घरांचे नकाशे काढते. बेलसरे सर पुढे पाच वर्षं होते. मी त्यांच्याकडे गेले नाही, त्यांनीही बोलावलं नाही. वारल्याचं वर्तमानपत्रात वाचलं.

तर त्या दिवशी. सकाळचे दहा. कंपनीचा इंजिनिअर इंगोले म्हणून एक मुलगा होता, नुकताच नोकरीला लागलेला. त्यानं लाल रंगाचा डबा आणला होता. वाटेच्या मध्यापासून तीन मीटर इकडे, तीन मीटर तिकडे. तीन मीटरवर भिंत नव्हती, घराच्या आतली उतरंड होती. तो डबा हातात घेऊन दारात उभा राहिला आणि मला म्हणाला, “मॅडम, फुली कुठं मारू? आत जाऊन मारायची का?”

बायका दारांतून बघत होत्या. दुर्गव्वा वरवंटा घडवत होती. ती उठून आली.

“किती जानार?”

“बावीस घरं,” मी म्हणाले. “काही अर्धी, काही पूर्ण.”

“का?”

मला वाटलं, हे तिला सांगितलंच पाहिजे. मी म्हणाले, “मावशी, इथे रस्ता नव्हता. तो मी काढला. दोन रेघा काढल्या मी.”

तिनं हातावरची दगडाची पूड पदराला पुसली.

“त्ये मला काय सांगता?” ती म्हणाली. “मला ठावं हाय. त्येला सांगा.”

आणि तिनं इंगोल्याकडे हात केला.

मी वळून त्याला सांगितलं. तो आधी हसला, मग घाबरला. डबा खाली ठेवला. “मॅडम, असं तोंडी कसं चालेल? मला वर काय सांगू? लेखी द्या.”

त्यानंच क्लिप लावलेली फळी दिली, कोरा कागद दिला, पेन दिलं. बसायला काही नव्हतं. मी एका पाट्यावर बसले आणि लिहिलं: सदर ठिकाणी रस्ता नाही. १.१० मीटर रुंदीची पायवाट आहे. प्रभाग नकाशात ती चुकीने रस्ता म्हणून दाखवली गेली.

दुर्गव्वा डोक्याशी उभी होती. “काय लिवलं, वाचा.”

मी वाचलं.

“चुकीनं?” ती म्हणाली.

मी तो शब्द खोडला. लिहिलं: समितीच्या सांगण्यावरून.

“समिती म्हंजे कोन? मानसं न्हवती का?”

मी नावं लिहायला लागले. उत्तमराव डुबल. शिवलिंग माळगे. मग त्यांच्याबरोबरचे दोघे-दोघे. ज्या क्रमानं वहीत सह्या होत्या, त्याच क्रमानं. दुर्गव्वाला वाचता येत नव्हतं. ती प्रत्येक ओळ संपली की एक बोट मिटत होती.

“सा झाली,” ती म्हणाली. “त्या दिवशी खुर्च्यांवर सात जन हुते.”

“सातवे माझे सर होते.”

“मंग?”

“त्यांनी मला शिकवलंय. म्हातारे आहेत. त्यांना यातलं काही मिळालं नाही. निवडणूक नाही, काही नाही.”

“हार मिळाला हुता,” दुर्गव्वा म्हणाली. “म्या जिन्यातनं बगितला.”

इंगोले घड्याळ बघत होता. वाटेत त्याचे दोन मजूर उखळावर बसून बिड्या ओढत होते. मी पेन कागदावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मग लिहिलं: अध्यक्ष, श्री. वा. ग. बेलसरे, निवृत्त भूगोल शिक्षक. ‘भूगोल’ लिहायची गरज नव्हती. लिहिलं.

दुर्गव्वानं सातवं बोट मिटलं. मी कागद फळीसकट इंगोल्याला दिला आणि उठून साडी झटकली.

त्यानं सगळं वाचलं, ओठ हलवत. मग फळी माझ्यापुढे परत धरली.

“मॅडम,” तो म्हणाला, “खाली तुमची सही राहिली.”